तान्ह्या बाळाचा प्रवास : मांडी, आसन आणि अंथरूण

दरवर्षी २ फेब्रुवारीस ख्रिस्तसभा प्रभू येशूच्या मंदिरातील समर्पणाचा सण पाळते. नाताळापासून मोजू लागले तर हा चाळिसावा दिवस येतो. संत लूक आपल्या शुभवर्तमानात सांगतात की, नियमशास्त्राप्रमाणे शुद्धीकरणाचे दिवस पुरे झाल्यावर पवित्र मरिया व संत योसेफ बाळाला घेऊन यरुशलेमास गेली. बेथलेहेमपासून यरुशलेम जेमतेम आठ-नऊ किलोमीटर. त्या काळी प्रवासाचा वेग म्हणजे माणसाच्या किंवा जनावराच्या पावलांचा वेग. त्या वेगात आईची कूस हीच बाळाची सर्वांत निर्धोक जागा होती, आणि तिच्याहून अधिक कशाची गरजही नव्हती.

आमच्या पांढुर्णा-सौंसर भागातही बाळाचा पहिला मोठा प्रवास बहुधा याच सुमारास घडतो. मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते, सव्वा महिना होतो, आणि मग सासरची मंडळी गाडी घेऊन मायलेकरांना न्यायला येतात. काहींचे बाळंतपण नागपूरच्या दवाखान्यात होते, आणि बाळ अवघ्या चार-पाच दिवसांचे असतानाच त्याला घरचा रस्ता धरावा लागतो. नागपूरहून सौंसर सुमारे सत्तर किलोमीटर, पांढुर्णा शंभराच्या आतबाहेर. जुन्या काळच्या बैलगाडीला जो रस्ता दोन-तीन मुक्कामांचा होता, तो मोटार आता दीड-दोन तासांत तोडते. रस्ता बदलला, वाहन बदलले, वेग तर कितीतरी पटींनी वाढला. बाळाची जागा मात्र पूर्वीचीच राहिली. ते अजूनही मांडीवरच आहे. आजच्या लेखात आम्ही याच गोष्टीचा विचार वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

गाडीत मंडळी कशी बसतात हे सर्वांना ठाऊक आहे. बाळाचे वडील चालकाशेजारी. मागे बाळंतीण, तिच्या एका बाजूला आजी, दुसऱ्या बाजूला आत्या किंवा मावशी. पायाशी डिंकाच्या लाडवांचा डबा, दुपटी आणि लंगोटांचे बोचके. बाळाला टोपडे घालून, दुपट्यात गुंडाळून आई मांडीवर घेते. मागच्या बाकावर पट्टे असतात, पण ते बहुधा गादीच्या फटीत दडपलेले. रस्ता चांगला, चालक ओळखीचा, गळ्यात क्रूस आणि काचेपाशी संत ख्रिस्तोफरचे चित्र. मग भय कसले, असे वाटणे स्वाभाविक आहे.

आता थोडा हिशोब करू. ताशी ४० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी जेव्हा झाडावर किंवा दुसऱ्या गाडीवर आदळून एकाएकी थांबते, तेव्हा आतील मोकळ्या माणसाला बसणारा आघात सहा मीटर उंचीवरून पडल्यासारखा असतो. म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरून पडण्याइतका. वेग ६० असेल तर ती उंची १४ मीटर होते. चार मजली इमारतीची गच्चीच म्हणा. महामार्गावर आपल्या गाड्या किती वेगाने धावतात हे आम्ही सांगायला नको.

दुसरा हिशोब मांडीचा. सव्वा महिन्याचे बाळ साधारण साडेचार किलोचे असते. ताशी ६० वेगाची गाडी अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली असे धरले, तर त्या क्षणी बाळ सव्वा क्विंटल वजनाच्या जोराने पुढे ओढले जाते. आमचे शेतकरी वाचक क्विंटलचे ओझे काय ते चांगले जाणतात. सव्वा क्विंटलचे ओझे एका निमिषात हातांनी रोखून धरील असा माणूस नाही. आईचे प्रेम कमी पडते असे कोणी समजू नये. तिच्या हातांच्या बळाचीच ती मर्यादा आहे. शिवाय आईने स्वतः पट्टा लावला नसेल, तर तीही त्याच जोराने पुढे फेकली जाते, आणि तिचे सारे वजन पुढच्या बाकावर आपटण्यापूर्वी बाळावर येते. काही मंडळी आईच्या पट्ट्यातच बाळालाही घेतात. ते तर अधिकच घातक, कारण पट्टा आणि आईचे शरीर यांच्यामध्ये बाळ चिरडले जाते.

संत ख्रिस्तोफरची दंतकथा पुष्कळांनी लहानपणी ऐकली असेल. तो धिप्पाड पुरुष वाटसरूंना खांद्यावर घेऊन नदी पार करून देत असे. एके दिवशी एक लहान मूल आले. नदीच्या मध्यावर त्या मुलाचे ओझे इतके वाढले की, सारे जग खांद्यावर घेतल्यासारखे त्याला झाले. दंतकथेचा अर्थ आध्यात्मिक आहे, हे खरे. तथापि गाडी आदळते त्या क्षणी प्रत्येक मूल असेच जड होते, आणि ते पेलण्यास ख्रिस्तोफरचे बळही पुरणार नाही. संताचे चित्र काचेपाशी लावणाऱ्याने ही गोष्ट जरूर ध्यानी ठेवावी.

आमच्या भागात संत्र्याचा हंगाम आला की पेट्या कशा भरतात ते पाहा. खाली पेंढा, फळांच्या मध्ये कागद, वर पुन्हा पेंढा, मग दोरीने आवळणे. फळ हलू नये, घासू नये, नागपूरच्या बाजारात डागाळलेले पोहोचू नये, म्हणून केवढी काळजी! फळाला जो न्याय, तो पोटच्या गोळ्याला का नसावा?

हा न्याय देणारी वस्तू आज उपलब्ध आहे. तिला बाजारात बेबी कार सीट म्हणतात. आम्ही तिला नुसते आसन म्हणू. हे आसन मोटारीच्या मागच्या बाकावर मोटारीच्याच पट्ट्याने, किंवा अनेक नव्या मोटारींत असलेल्या आयसोफिक्स नावाच्या लोखंडी कड्यांत, घट्ट बसवितात. बाळाला त्यात ठेवून आसनाच्या स्वतःच्या पट्ट्यांनी बांधतात. तान्ह्या बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूकडे असते. असे का, हे समजून घेण्यासारखे आहे. नवजात बाळाचे डोके त्याच्या शरीराच्या लांबीच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतके असते. मोठ्या माणसाचे आठव्या हिश्श्याइतके. डोके एवढे जड आणि मान एवढी कोवळी. तोंड पुढे असेल तर आघाताच्या वेळी धड पट्ट्यात अडकून राहते आणि डोके पुढे झेपावते. सारा ताण मानेवर येतो. तोंड मागे असेल तर पाठ, मान व डोके एकदमच आसनाच्या पाठीवर रेलतात आणि आघात सर्व शरीरावर वाटला जातो.

या युक्तीमागची हकीकत मोठी मनोरंजक आहे. स्वीडनमधील बर्टिल आल्डमान या संशोधकाने अमेरिकेच्या जेमिनी अंतराळयानातील यात्रींची बसण्याची रीत पाहिली. उड्डाणाचा प्रचंड जोर पाठीवर यावा अशी ती योजना होती. तीच कल्पना मुलांना लावून त्याने १९६४ च्या सुमारास मागे तोंड असलेले पहिले आसन तयार केले. त्याआधी १९५९ मध्ये स्वीडनमध्येच निल्स बोहलिन या अभियंत्याने तीन टोकांचा पट्टा मोटारीत आणला होता. पुढे अमेरिकेतील टेनेसी राज्यात रॉबर्ट सँडर्स नावाच्या बालरोगतज्ज्ञाने वर्षानुवर्षे खटपट केली, आणि १९७८ पासून तेथे लहान मुलांना आसनातच बसविण्याचा जगातील पहिल्या कायद्यांपैकी एक अमलात आला. नीट वापरलेल्या आसनामुळे अपघातात तान्ह्या बाळांच्या मृत्यूचा संभव ७१ टक्क्यांपर्यंत कमी होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आपल्या देशातही कायदा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन १९४-ब हे कलम आले. त्यानुसार चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा बाल-आसनाने सुरक्षित केलेले नसेल, तर गाडी चालविणाऱ्यास एक हजार रुपये दंड आहे. दंडाच्या भयाने कोणी शहाणे व्हावे असे आम्हांस वाटत नाही. पण मागच्या बाकावर पट्टा लागत नाही, हा समज किती घातक आहे हे ४ सप्टेंबर २०२२ रोजी साऱ्या देशाने पाहिले. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी आदळली. गाडी उंची होती, दिवस उजेडाचा होता. पुढे बसलेली दोघे वाचली. मागे पट्ट्याविना बसलेले मिस्त्री व त्यांचे सहप्रवासी गेले. मोठ्या माणसांची ही गत, तर मांडीवरच्या बाळाची काय कथा!

येथपर्यंत आसनाची थोरवी झाली. आता त्याची मर्यादाही सांगणे आमचे कर्तव्य आहे, कारण ती ठाऊक नसेल तर रक्षणासाठी आणलेली वस्तूच अपाय करू शकते.

आसनात बाळ अर्धवट बसलेल्या स्थितीत असते. जागेपणी याचे काही वाटत नाही. पण बाळ झोपले, मानेचे स्नायू सैल पडले, की जड डोके पुढे लवंडते आणि हनुवटी छातीला टेकते. तान्ह्या बाळाची श्वासनळी अरुंद व मऊ असते. पपईच्या देठाची नळी वाकविली की जशी चिमटते, तशी ती चिमटते. मोठे माणूस अशा वेळी झोपेतही मान सावरते. सव्वा महिन्याच्या बाळाला ती शक्ती नसते. ते रडतही नाही. शांत झोपले आहे असेच पाहणाऱ्यास वाटते. अकाली जन्मलेल्या व कमी वजनाच्या बाळांना हा धोका अधिक. म्हणूनच अमेरिकेत ३७ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाला घरी सोडण्याआधी दवाखान्यातच काही वेळ आसनात ठेवून त्याचा श्वास व रक्तातील प्राणवायू तपासण्याचा प्रघात आहे.

इंग्लंडमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ४० नवजात बाळांना आधी सपाट निजवून आणि मग हलत्या आसनात अर्धा-अर्धा तास ठेवून पाहिले. आसनात, विशेषतः ते गाडीसारखे हलत असताना, बाळांच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण उतरले आणि हृदयाचे ठोके वाढले. या डॉक्टरांनी आसन टाकून द्या असे मुळीच सांगितले नाही. गरजेपुरताच वेळ बाळाला त्यात ठेवा, असा त्यांच्या पाहणीचा बोध आहे.

दुसरी पाहणी अमेरिकेतील. तिचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. २००४ ते २०१४ या काळातील झोपेत दगावलेल्या ११,७७९ बालकांच्या नोंदी तीत तपासल्या होत्या. त्यांपैकी ३४८ बालके बसण्याच्या साधनांत दगावली होती, आणि त्यांतील साठ टक्क्यांहून अधिक मोटारीच्या आसनात. आता पुढची गोष्ट नीट वाचावी. त्या आसनांपैकी सांगितलेल्या रीतीने वापरात असलेली आसने दहांत एकाहूनही कमी होती. याचा अर्थ असा की, धावत्या मोटारीत नीट बांधलेल्या आसनाने घात केल्याची उदाहरणे विरळा. घात बहुधा झाला तो आसनाचे अंथरूण केल्याने, किंवा पट्टे अर्धवट सोडून बाळाला त्यात निजू दिल्याने. प्रवास संपला, बाळ झोपले आहे, कशाला मोडायची झोप, म्हणून आसन तसेच उचलून घरात आणले, कोपऱ्यात ठेवले, आणि घर आपापल्या कामाला लागले. पट्टे सैल केले तर बाळ खाली घसरते आणि तोच पट्टा गळ्याशी येतो.

तेव्हा आजच्या लेखाचे सार इतकेच : धावत्या गाडीत बाळाची जागा आसनात, आणि गाडी थांबल्यावर झोपेची जागा सपाट अंथरुणावर, उताणे. या दोहोंची अदलाबदल करू नये.

मग आसनात किती वेळ ठेवावे? सर्वसाधारण नियम असा की, एका वेळी दोन तासांहून अधिक नको. पहिल्या महिन्यात, आणि अकाली जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत, शक्य तेथे अर्ध्या तासाच्या पुढे जाऊ नये. नागपूरचा प्रवास अर्ध्या तासाचा नाही, हे उघडच आहे. म्हणून वाटेत थांबावे. छिंदवाड्याचा व बैतूलचा असे आपले दोन्ही रस्ते सावनेरला एकत्र येतात. सावनेरला एक मुक्काम ठरवूनच टाकावा, आणि बाळ अगदी कोवळे असेल तर त्याच्या अलीकडे-पलीकडे आणखी एक-दोन. गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभी करावी, बाळाला आसनातून काढावे, अंगावर पाजावे, मांडीवर किंवा बाकावर पाच-दहा मिनिटे सपाट निजू द्यावे. गाडी उभी असताना मांडी पुन्हा राणी आहे. तिचा मान कोणी हिरावून घेतलेला नाही. छिंदवाड्याकडे जाणाऱ्यांनी सिल्लेवानीचा घाट चढण्यापूर्वी असेच करावे, कारण वळणावळणांच्या रस्त्यात बाळाचे डोके अधिकच कलंडते. धावत्या गाडीत रडणाऱ्या बाळाला पाजण्यासाठी आसनातून काढण्याचा मोह होतो. तेवढा मात्र टाळावा. आधी गाडी थांबवावी, मग पाजावे.

आसन वापरताना ध्यानी ठेवायच्या आणखी काही गोष्टी सांगतो.

आसन नेहमी मागच्या बाकावर असावे. पुढे एअरबॅग असलेल्या बाकावर मागे तोंड केलेले आसन कदापि ठेवू नये. आघाताच्या वेळी फुगणारी ती पिशवी आसनाच्या पाठीवर इतक्या जोराने आपटते की बाळाचा जीव जाऊ शकतो. बाळाशेजारी एक जाणते माणूस बसावे आणि त्याने अधूनमधून पाहावे की हनुवटी छातीला टेकलेली नाही ना, तोंडानाकावर दुपटे आलेले नाही ना. आसन किती कलते असावे याची खूण बहुतेक आसनांवर असते. ती पाहूनच ते बसवावे. डोक्यामागे उशी किंवा घडी केलेले लुगडे ठेवू नये, त्याने मान पुढे ढकलली जाते.

पट्टे खांद्यांच्या पातळीत किंवा किंचित खालून यावेत आणि इतके आवळलेले असावेत की, खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरू गेले तर त्याची घडी चिमटीत येऊ नये. पौष-माघाच्या थंडीत आज्या बाळाला लोकरीचे अंगडे, त्यावर कुंची, त्यावर शाल असे थर चढवितात. जाड कपड्यांवरून बांधलेला पट्टा घट्ट भासतो, पण आघाताच्या वेळी लोकर दबते आणि बाळ निसटते. म्हणून पातळ कपड्यांवर पट्टे बांधावेत आणि उबेसाठी शाल वरून, छातीपर्यंतच, पांघरावी. उन्हाळ्यात याच्या उलट संकट असते. वैशाखातील उन्हात उभ्या मोटारीतील उष्णता दहा मिनिटांत दहा अंशांनी चढू शकते. बाळाला बंद गाडीत क्षणभरही एकटे ठेवू नये, आणि आसनात ठेवण्यापूर्वी त्याची बक्कल हाताने चाचपून पाहावी, ती तापून चटका देते.

बाळ वर्षाचे झाले म्हणून घाईने त्याचे तोंड पुढे करू नये. युरोपातील नव्या नियमाप्रमाणे निदान पंधरा महिन्यांपर्यंत तोंड मागेच असावे लागते, आणि अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ तर आसनाच्या वजन-उंचीची मर्यादा भरेपर्यंत तसेच ठेवा म्हणतात.

आता खर्चाचा प्रश्न. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या दारात मोटार नाही, आणि असली तरी काही हजारांचे आसन वर्षभरासाठी घेणे जड वाटते, हे आम्ही जाणतो. यावर आमची एक सूचना आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता व धर्ममाता बाळाला चांदीचे वाळे, सोन्याची साखळी, जरीचा पोशाख देतात. ते पेटीत पडून राहते. त्यापेक्षा दोघांनी मिळून, आणि तेही बाप्तिस्म्याची वाट न पाहता बाळ दवाखान्यातून निघण्यापूर्वीच, एक आसन दिले तर बाळाचे जतन करण्याचे जे वचन ते देवासमोर देणार आहेत, त्याचा आरंभ तेथूनच होईल. एका कुटुंबाचे आसन पुढे भावाच्या, बहिणीच्या बाळाला चालते. मात्र ते अपघातातून गेलेले नसावे, त्याच्या पट्ट्यांना चीर नसावी, आणि त्यावर छापलेली मुदत टळलेली नसावी. ज्याचा इतिहास ठाऊक नाही असे जुने आसन स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. नवीन घेताना भारतीय मानक ए.आय.एस. ०७२ किंवा युरोपीय आर ४४, आर १२९ यांपैकी एखादी खूण पाहून घ्यावी. ज्याला हात धरून उचलता येते असे तान्ह्या बाळाचे आसन भाड्याच्या गाडीतही पट्ट्याने बांधता येते. मोटार आपली असलीच पाहिजे असे नाही. गाडी ठरवितानाच चालकदादांना विचारावे, "मागचे पट्टे चालू आहेत ना?" एवढे विचारण्यात कोणाचा अपमान नाही.

आसन मिळतच नसेल तर? पांढुर्ण्याच्या मंडळींना नागपूर–इटारसी लोहमार्ग आहे. आगगाडीत बाळ आईशेजारी सपाट निजून येऊ शकते, आणि मोटारीपेक्षा तो प्रवास पुष्कळच निर्धोक. सरकारी दवाखान्यात बाळंतपण झाले असेल, तर २०११ पासून चालू असलेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे मायलेकरांना घरी पोहोचविण्याची मोफत सोय आहे; ती हक्काने मागावी. आणि जो प्रवास चार-सहा महिने पुढे ढकलता येतो, तो ढकलावा. बाळ पाहायला आजोबांनीच यावे. बाळाने त्यांच्याकडे जाण्याची घाई नको.

दुचाकीविषयी दोन शब्द. वडील पुढे, आई मागे, मध्ये दुपट्यातले बाळ, हे दृश्य आमच्या रस्त्यांवर रोजचे आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये काढलेल्या आणि वर्षानंतर लागू झालेल्या केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे चार वर्षांखालील मुलाला चालकाशी पट्ट्याने बांधले पाहिजे, नऊ महिन्यांपुढील मुलाच्या डोक्यावर शिरस्त्राण पाहिजे, आणि वेग ताशी ४० च्या वर नको. नऊ महिन्यांखालच्या बाळाची मान शिरस्त्राणाचे वजनच पेलू शकत नाही. म्हणजे त्याच्या रक्षणासाठी दुचाकीवर काहीच नाही. तेव्हा तान्ह्या बाळाला दुचाकीवर नेऊ नये, हा सरळ निष्कर्ष.

कोणी म्हणेल, आमच्या आईने आम्हांला मांडीवरच नेले, काही झाले नाही. सारे देवाच्या हाती आहे. देवाच्या हाती आहेच. पण आपल्या हातीही त्याने काही सोपविले आहे. हेरोदाच्या भयाची सूचना मिळताच संत योसेफ त्याच रात्री उठले आणि बाळाला व त्याच्या आईला घेऊन मिसरची वाट धरती झाले. देव राखील म्हणून ते झोपून राहिले नाहीत. ज्याच्यावर बाळ सोपविले आहे त्याने उठावे, निघावे आणि जपावे, हीच तेथे देवाची इच्छा होती. कॅथोलिक श्रद्धाग्रंथात, परिच्छेद २२९० मध्ये, रस्त्यावर बेफाम वेगाने किंवा मद्याच्या अमलाखाली स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर दोष म्हटला आहे. २००७ साली व्हॅटिकनने रस्त्यावरील जीवनाविषयी एक मार्गदर्शिका काढली, आणि तीत वाहनचालकांसाठी दहा आज्ञा दिल्या. त्यांतील पहिली आज्ञा हत्या न करण्याची आहे. पाचव्या आज्ञेचे पालन केवळ शस्त्र न उचलण्याने होत नाही. पट्टा लावण्यानेही होते.

आम्ही धर्मगुरू नव्या गाडीवर पवित्र पाणी शिंपडतो आणि प्रवाशांसाठी प्रार्थना करतो. यापुढे गाडी आशीर्वादासाठी आणणाऱ्या कुटुंबास आम्ही एवढेच विचारणार आहोत की, मागचे पट्टे फटीतून बाहेर काढले आहेत काय, आणि घरात तान्हे असेल तर त्याचे आसन कोठे आहे. उत्तर नसले तरी आशीर्वाद अडणार नाही. पण प्रश्न मात्र विचारला जाईल. आणि ज्यांच्याकडे आसन आहे त्या आयांना, आज्यांना एकच विनंती : घर आले, गाडी थांबली, बाळ कितीही गाढ झोपलेले असले तरी त्याला आसनातून उचला आणि अंथरुणावर उताणे निजवा. झोप मोडली तर थोडे रडेल. रडू द्या. अंगाई म्हणायला घरात पुष्कळ तोंडे आहेत.